ई-मेलचे शिक्कामोर्तब



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळी कर्जतहून दूरध्वनी आला. "साहेब, दुपारी जरा घरी या. आम्ही दोघे भाऊ समोरासमोर बसणार आहोत. मध्ये कोणी तरी समजुतीचा माणूस हवा." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला असे निरोप अधूनमधून येतात. ज्याने सारा जन्म सह्या पडताळल्या, त्याला खरे-खोटे ओळखता येत असावे, असा लोकांचा समज असतो. मी खोपोलीहून दुपारची लोकल पकडली. पळसदरीच्या डोंगरावरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. एरवी मी त्या डोळे भरून पाहिल्या असत्या, पण त्या दिवशी मन कर्जतच्या बैठकीकडे लागले होते.

हे दोघे चुलत भाऊ. व्यापार एकत्र, आणि तालुक्यात घेतलेला जमिनीचा एक तुकडाही सामाईक. थोरल्यांनी वयोमानाने जमिनीतील आपला हिस्सा सोडायचे ठरवले आणि मोबदला किती हवा ते धाकट्यांना ई-मेलने कळवले. चौदा महिने उलटले, आणि रक्कम देण्याची वेळ आली तेव्हा टेबलावर दोन कागद आले. दोन्ही कागदांवर तारीख एक, पाठवणाऱ्याचे नाव एक, मायनाही एकच. एकावर आकडा होता १२ लाख, दुसऱ्यावर २१ लाख. धाकट्यांच्या चिरंजीवांनी बारा लाखांचा कागद छापून आणला होता, थोरल्यांनी एकवीस लाखांचा. मी पोहोचण्यापूर्वीच एक शब्द उच्चारला गेला होता: "बनावट". तो कोणी आधी उच्चारला हे मी विचारले नाही. पाण्याचे पेले तसेच भरलेले होते, आणि दोन्ही घरच्या स्त्रिया आतल्या खोलीत गप्प बसल्या होत्या.

मी दोन्ही कागद हातात घेतले आणि परत टेबलावर ठेवले. म्हणालो, "यांतला कोणताच कागद मला पडताळता येणार नाही. मूळ मेल दाखवा."

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय हाच आहे. ई-मेलचा छापील कागद किंवा मोबाइलवरील पडद्याचे छायाचित्र म्हणजे मेल नव्हे. ते मेलचे केवळ चित्र आहे. चित्रातला आकडा बदलायला कोणतीही विद्या लागत नाही. आलेला मेल आपण पुढे पाठवतो तेव्हा खाली जुना मजकूर आपोआप येतो, त्यात कर्सर नेऊन वाटेल ते खोडता येते आणि वाटेल ते लिहिता येते. पाहणाऱ्याला काहीही कळत नाही.

पाठवणाऱ्याच्या नावाची गोष्टही तशीच. ई-मेल पोहोचवण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली तिचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्या काळी हे जाळे मुख्यत्वे विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्यापुरते होते. परस्परांवर विश्वास होता, म्हणून पाठवणारा खरोखर तोच आहे का हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलेलीच नव्हती. पाकिटाच्या पाठीमागे 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टाने ते निमूटपणे पोहोचवावे, तसा हा कारभार होता.

नावावर आणि रूपावर विश्वास ठेवल्याने काय होते, याचा एक मोठा धडा आपल्याच बोरघाटाने पाहिला आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच तो भाऊ' म्हणणारा एक इसम उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर १७७६ साली त्याने कोकणातील बराच मुलूख ताब्यात घेतला, बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत मजल मारली, आणि राजमाचीही त्याच्या हाती गेली. अखेर पेशव्यांच्या फौजेने त्याला हटवले, आंग्र्यांनी पकडले, आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. इतिहास त्याला 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणून ओळखतो. हजारो माणसे त्याच्यामागे गेली, ती चेहरा आणि बोलणे ओळखीचे वाटले म्हणून. पुण्यात तेव्हा कारभार पाहत होते नाना फडणवीस. खोपोलीचा तलाव आणि शंकराचे देऊळ बांधवणारे तेच नाना.

त्या काळी राजपत्राची ओळख चेहऱ्यावर सोडलेली नव्हती, हे विशेष. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब असे. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, पत्र येथे संपले, याखालची ओळ आमची नव्हे. आज आपण 'शिक्कामोर्तब झाले' असे एका दमात म्हणतो, पण मुळात ती दोन वेगळी कामे होती: एक, लिहिणाऱ्याची ओळख, दुसरे, मजकुराची अखंडता. ई-मेलच्या बाबतीत गणितज्ञांनी जे केले, ते याच दोन कामांसाठी केले.

आमच्या बँकेतही या दोन कामांसाठी एक जुनी युक्ती होती. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत तारेने पैसे पाठवले जात. तार काय, कोणीही करू शकतो. मग पैसे देणाऱ्या शाखेने भरवसा कशावर ठेवायचा? त्यासाठी अधिकाऱ्यांच्या ताब्यात एक गुप्त पुस्तक असे. रक्कम, तारीख, शाखा यांसाठी ठरलेले आकडे त्यातून काढून, त्यांची बेरीज करून येणारा आकडा तारेत घालायचा. त्याला आम्ही चेक सिग्नल म्हणत असू. पलीकडचा अधिकारी आपल्या पुस्तकावरून तोच हिशेब करी. आकडा जुळला तर पैसे द्यायचे, न जुळला तर तार बाजूला ठेवायची. वाटेत कोणी रकमेतले एक शून्य वाढवले, तरी बेरीज फसे आणि लबाडी उघडी पडे. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवाच बंद झाली आणि ती पुस्तके विस्मरणात गेली.

या युक्तीत एक उणीव होती. पुस्तक दोन्ही शाखांकडे सारखेच. म्हणजे जो आकडा पाठवणारा काढू शकतो, तोच घेणाराही काढू शकतो. उद्या दोन शाखांत वाद झाला आणि एक म्हणाली, "ही तार आम्ही केलीच नाही, तुम्हीच बनवलीत", तर तिसऱ्या माणसाने निवाडा कसा करायचा? गुपित दोघांचे असेल, तर ते तिसऱ्यापुढे पुरावा होत नाही.

ही उणीव १९७६ साली दूर होण्याची वाट दिसली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी मांडले की किल्ल्या दोन असाव्यात: एक खासगी, जी मालकाने कोणालाही दाखवायची नाही, दुसरी सार्वजनिक, जी साऱ्या जगाला द्यायची. पुढल्याच वर्षी, १९७७ मध्ये, रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ही कल्पना अंकगणितात उतरवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या मूळ संख्या शोधून काढणे अतिशय कठीण, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर ती पद्धत उभी आहे. खासगी किल्लीने शिक्का उमटवता येतो. सार्वजनिक किल्लीने तो फक्त तपासता येतो, उमटवता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, नमुना सहीचे कार्ड चौकातल्या फलकावर लावलेले आहे. कोणीही येऊन सही ताडून पाहावी. मात्र ते कार्ड समोर ठेवूनही कोणाला तशी सही गिरवता येत नाही. कागदावरच्या सहीला जे कधीच साधले नाही, ते येथे साधले.

आता मोर्तबाचे काम. त्यासाठी 'हॅश' नावाचे गणित आहे. मजकूर पानभर असो वा पोथीभर, त्यावर ठरावीक क्रिया केली की ठरावीक लांबीचा एक आकडा निघतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांत लिहिला जातो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी निघणारा आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो. आणि त्या आकड्यावरून उलटा मजकूर काढता येत नाही, किंवा तोच आकडा देणारा दुसरा मजकूर जुळवून आणता येत नाही. मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच तो. हा ठसा काढायचा आणि त्यावर खासगी किल्लीने शिक्का उमटवायचा, याचेच नाव डिजिटल स्वाक्षरी.

ई-मेलसाठी हे काम 'डोमेन कीज आयडेंटिफाइड मेल', म्हणजे डीकेआयएम, ही पद्धत करते. याहू आणि सिस्को या कंपन्यांच्या दोन वेगवेगळ्या प्रयत्नांतून ती घडली. २००७ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये ते सुधारण्यात आले. आपण मेल पाठवला की आपल्या सेवेचा सर्व्हर, म्हणजे आपले पोस्ट ऑफिस म्हणा, मजकुराचा ठसा काढतो, प्रेषकाचे नाव आणि त्याने ठरवलेले तारीख, विषय यांसारखे रकानेही त्यात घेतो आणि खासगी किल्लीने शिक्का उमटवतो. हा शिक्का मेलच्या माथ्यावरील त्या ओळींत असतो, ज्या आपल्याला एरवी दिसत नाहीत. ती किल्ली ज्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातील '@' च्या पुढील भागाची, त्याच डोमेनच्या नोंदीत सार्वजनिक किल्ली सर्वांसाठी ठेवलेली असते. मेल घेणारा सर्व्हर ती किल्ली आणतो, ठसा स्वतः पुन्हा काढतो आणि ताडून पाहतो. आपण साधा मेल उघडतो त्यामागे हा सारा हिशेब क्षणात होऊन गेलेला असतो.

आता कर्जतच्या त्या खोलीत परत येऊ.

माझी भाची पुण्यात संगणक अभियंता आहे. तिला दूरध्वनीवर घेतले. थोरल्यांनी लगेच आपल्या संगणकावर 'सेंट' हा कप्पा उघडून एकवीस लाखांचा मेल दाखवला. "हा बघा, मी पाठवलेला." भाची म्हणाली, "काका, तुमच्याकडच्या या प्रतीवर शिक्का नसतो. पत्र तुमच्या घरातून निघाल्यावर पोस्टात शिक्का बसतो. शिक्का असलेली प्रत ज्यांना मेल मिळाला त्यांच्याकडे." खोलीत क्षणभर शांतता पसरली, कारण याचा अर्थ असा होता की थोरल्यांचा पुरावा धाकट्यांच्या पेटीत होता.

धाकट्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी स्वतः पासवर्ड घातला आणि संगणक माझ्याकडे वळवला. बारा लाखांचा मेल तेथे होता. त्याची मूळ प्रत उतरवून भाचीकडे पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आले: शिक्का अस्सल, मजकुरात एका अक्षराचाही फरक नाही. थोरल्यांचा चेहरा पडला. धाकट्यांचे चिरंजीव काही बोलणार, तेवढ्यात भाचीने विचारले, "त्या तारखेचा त्यांचा आणखी काही मेल आहे का? दुसऱ्या पत्त्यावरून?"

शोधले. सापडला. दुकानाच्या पत्त्यावरून, पहिल्यानंतर अकरा मिनिटांनी आलेला. दुकानाचा पत्ता म्हणून यंत्राने तो जाहिरातींच्या कप्प्यात टाकला होता आणि चौदा महिने तो कोणी उघडलाच नव्हता. त्यात तोच मजकूर, रक्कम मात्र २१ लाख. खाली एक ओळ: आधीच्या मेलमध्ये आकडा उलटा पडला, हा ग्राह्य धरावा.

थोरल्यांना पहिला मेल आठवतच नव्हता. मोबाइलवर, चष्म्याविना, रात्री लिहिलेला. चूक ध्यानात आली तेव्हा ते दुकानाच्या संगणकापाशी होते, म्हणून दुसरा मेल दुकानाच्या पत्त्यावरून गेला.

पण पडताळणी अजून पुरी झाली नव्हती. दुकानाची मेलसेवा मधल्या काळात बदलली होती आणि जुनी सार्वजनिक किल्ली फलकावरून निघून गेली होती. नमुना सहीचे कार्डच नाही, तर सही ताडणार कशाशी? भाची म्हणाली, "नव्याने तपासता येणार नाही. पण मेल आला त्या दिवशी तुमच्या सर्व्हरने तो तपासला होता आणि शिक्का जुळल्याची नोंद त्याच मेलच्या माथ्यावर आहे. ही नोंद गणिताइतकी पक्की नाही, कारण ती साधी अक्षरे आहेत. पण ती तुमच्याच पेटीत आहे. तिथे थोरल्या काकांना हात घालता येत नाही, आणि स्वतःच्या विरुद्ध खोटी नोंद तुम्ही कशाला कराल?" धाकट्यांनी मान हलवली. प्रश्न मिटला. दोन्ही कागद खरे होते. बनावट होता तो फक्त मघाशी उच्चारलेला शब्द.

तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक आहे. ज्या समाजाने व्यापार केला, हुंड्या लिहिल्या, चोपड्या राखल्या, त्याला या दोषाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. पण न केलेल्या कूटलेखाचा आरोप करणे हेही लहान पाप नाही, हे त्या दुपारी मला नव्याने कळले.

या साधनाच्या मर्यादाही वाचकांनी जाणून घ्याव्यात, नाही तर अर्धवट ज्ञानाने अधिक नुकसान होईल.

पहिली मर्यादा: हा शिक्का दाराचा आहे, माणसाचा नाही. मेल अमुक डोमेनच्या सर्व्हरमधून निघाला, एवढेच तो सांगतो. पासवर्ड चोरून कोणी तुमच्या पेटीत बसला असेल, तर त्याने लिहिलेल्या मेलवरही अस्सल शिक्काच बसेल. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, तेव्हा पुरावा कायद्यातही याविषयी एक कलम घालण्यात आले: संदेश जसा पाठवला तसाच पोहोचला असे न्यायालय गृहीत धरू शकेल, मात्र तो कोणत्या व्यक्तीने पाठवला याविषयी काहीही गृहीत धरणार नाही. कायदा करणाऱ्यांनी दार आणि माणूस यांतील भेद नेमका ओळखला होता.

दुसरी मर्यादा: शिक्का अस्सल, पण दार भलतेच, असे होऊ शकते. ठग ओळखीच्या डोमेनसारखेच दिसणारे डोमेन विकत घेतो. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवतो. त्याच्या मेलवर त्याच्या डोमेनचा शिक्का बिनचूक जुळतो. म्हणून शिक्का जुळला एवढे पाहून भागत नाही. तो कोणाच्या नावाचा आहे हे अक्षर न् अक्षर वाचावे लागते. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन ठरवले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे स्थलांतर करण्यास सांगितले. ते डोमेन बँकेखेरीज कोणाला मिळत नाही.

तिसरी मर्यादा पुढे पाठवलेल्या मेलची. आपण मेल पुढे पाठवतो तेव्हा त्यावर आपला नवा शिक्का बसतो. तो एवढेच म्हणतो की हे पत्र आम्ही पाठवले. आत उद्धृत केलेला जुना मजकूर खरा आहे, असे तो म्हणत नाही. हिशेबनीस किंवा वकील यांना जुना मेल द्यायचा असेल, तर तो नुसता पुढे ढकलू नये. मूळ प्रत उतरवून जोडावी.

चौथी मर्यादा किल्लीच्या बळाची. झकरी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञाला गूगलकडून नोकरीविषयी एक मेल आला. तो खरा आहे का हे पाहताना त्याच्या ध्यानात आले की शिक्क्याची किल्ली अवघी ५१२ बिटांची आहे. त्याने भाड्याच्या संगणकांवर सुमारे ७२ तासांत आणि ७५ डॉलरांत ती फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवून दाखवला. २०१२ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. गूगलने त्याआधीच किल्ली बदलून २०४८ बिटांची केली होती. कुलूप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ते कसले आहे हेही पाहावे.

माणसाचा शिक्का हवा असेल, तर तोही उपलब्ध आहे. आपल्यापैकी अनेकांकडे आयकर, जीएसटी किंवा कंपनीच्या कामासाठी घेतलेले डिजिटल स्वाक्षरीचे छोटे टोकन असते. ते परवानाधारक संस्थेने ओळख तपासून दिलेले असते. त्याने मेलवर किंवा पीडीएफवर सही केली, तर ती डोमेनची नव्हे, त्या व्यक्तीची सही होते. आपल्या तालुक्यांत याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. पंधरा रुपयांत मिळणाऱ्या त्या उताऱ्याची खरी किंमत त्या पीडीएफमध्ये आहे. कागदावर छापला की स्वाक्षरीचे गणित संपते, म्हणून वर एक पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून उतारा ताडून पाहावा. कर्जत-खालापुरात जमिनीचे व्यवहार ज्या वेगाने होत आहेत, तो पाहता विसार देण्यापूर्वी ही दोन मिनिटे सोडू नयेत.

वाद न्यायालयात गेला तर काय, हेही थोडे सांगतो. या बाबतीतील महत्त्वाचा निर्णय आपल्या महाराष्ट्रातूनच, जालन्यातून, उद्भवला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या. पण त्यांच्या सत्यतेचे, कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम स्पष्ट केला: मूळ यंत्रच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्र नको, पण प्रत आणली तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तरच सूट. जालन्याच्या प्रकरणात तसे प्रयत्न झाले होते, म्हणून अपील फेटाळले गेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात दाखल केलेल्या नोंदीचा हॅश, म्हणजे तोच अंगठ्याचा ठसा, आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते. गणितज्ञांचा शब्द आता खालापूरच्या न्यायालयातील फॉर्मवरही आला आहे.

या साऱ्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही. मेलवरचा शिक्का वाटेतल्या ठगासाठी होता. पण तो मेलसोबत वर्षानुवर्षे राहतो. आपली पेटी कोणी चोरली आणि खासगी पत्रे चव्हाट्यावर मांडली, तर तोच शिक्का जगाला सांगतो की ही पत्रे खरी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेत एका राजकीय नेत्याचे चोरलेले मेल अशाच रीतीने अस्सल ठरवले गेले. म्हणून मॅथ्यू ग्रीन या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०२० मध्ये सुचवले की सेवा देणाऱ्यांनी जुन्या खासगी किल्ल्या काही काळाने जाहीरच कराव्यात. म्हणजे जुना शिक्का कोणालाही उमटवता येईल आणि चोराच्या हातचा पुरावा निकामी होईल. आपल्या पाच अतिचारांत रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे एकांतातले गुपित उघड करणे, हाही एक आहे. खोटे लिहू नये आणि खासगी फोडू नये, ही दोन्ही बंधने पूर्वसूरींनी एकाच व्रताखाली ठेवली. यंत्राला अजून ती दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

व्यवहारापुरते सांगायचे तर एवढे करावे. पैशाचा किंवा जमिनीचा उल्लेख असलेला मेल कधीही पुसू नये. जीमेल वापरत असाल तर संगणकावर तो मेल उघडून, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' निवडावे. डीकेआयएम आणि डीमार्क यांपुढे 'पास' आहे का आणि डोमेन बरोबर आहे का, हे पाहावे. तेथूनच मूळ प्रत उतरवून वेगळी जपावी. पुढे किल्ली बदलली तर निदान प्रत हाती राहील. महत्त्वाचा मेल महिनोन् महिने न ठेवता वेळीच पडताळून घ्यावा. आणि 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा मेल आला, तर शिक्का कितीही अस्सल असो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीचा वेळ फार थोडा असतो.

त्या दिवशी कर्जतहून निघताना धाकटे मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. फलाटावर म्हणाले, "साहेब, दादांना मी जे बोललो ते परत कसे घेऊ?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. बोललेल्या शब्दाला 'सेंट'चा कप्पा नसतो. एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी जा आणि समोर बसा." ते गेले, असे नंतर कळले. रक्कम एकवीस लाखच ठरली. नवा करार झाला तेव्हा मला दाखवायला आणला, आणि मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली. चेकवर आपण रक्कम अंकांत लिहितो आणि अक्षरांतही लिहितो, त्यामागे शतकांचा अनुभव आहे. बारा आणि एकवीस यांचे अंक उलटे पडू शकतात. 'बारा' लिहिताना चुकून 'एकवीस' कोणी लिहीत नाही. त्या रात्रीच्या पहिल्या मेलमध्ये एवढे दोन शब्द असते, तर कोणत्याही किल्लीची गरज पडली नसती.